युनियन, ठेकेदारी आणि पहिली नोकरी: तरुण कामगारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींत पहिल्या किंवा दुसऱ्या नोकरीवर असलेल्या तरुणांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न युनियनविषयी असले, तरी उत्तर बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर येते: हजेरीपटावर तुमचे नाव कोणाकडे आणि कोणत्या प्रकारचा कामगार म्हणून लागले आहे. म्हणून प्रश्न ३ सर्वांनी आधी वाचावा.

कायद्यांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून, कामगार संघटना (१९२६), स्थायी आदेश म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटींचे लेखी नियम (१९४६) आणि औद्योगिक विवाद (१९४७) या तीन जुन्या कायद्यांची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा (कायद्याने मनाई केलेले गैरवर्तन) यांविषयीचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा मात्र रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. त्यामुळे प्रकरण दाखल करण्यापूर्वी ते कोणत्या कायद्याखाली चालवायचे, हे कामगार कायद्याच्या वकिलाकडून तपासून घ्यावे.

१. युनियन नेमके काय करते? मला पगार कंपनी देते, मग मधे युनियन कशाला?

युनियन म्हणजे कामगारांची नोंदणीकृत संघटना. पगारवाढीचे मागणीपत्र देणे, त्यावर वाटाघाटी करून करार करणे, आणि करार पाळला जात नसेल तर कामगार आयुक्तांकडे किंवा न्यायालयात जाणे, ही तिची मुख्य कामे होत. साप्ताहिक सुट्टीसारखी आज गृहीत धरली जाणारी गोष्टही अशीच मिळाली: नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि रविवारच्या सुट्टीची त्यांची मागणी मान्य व्हायला १८९० साल उजाडले. एकट्या कामगाराने पगार वाढवून मागितला, तर त्याच्या जागी दुसरा ठेवणे व्यवस्थापनाला सोपे जाते, आणि गेटबाहेर अर्ज घेऊन उभ्या असलेल्यांची संख्या मोठी असते तेव्हा तर फारच सोपे जाते.

२. मला लागून दोनच महिने झाले आहेत. सभासद होता येईल का? वर्गणी किती?

होता येईल. सभासद होण्यासाठी नोकरी कायम असण्याची अट कायद्यात नाही, आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण असण्याचीही नाही. अठरा वर्षांची अट पदाधिकाऱ्यांसाठी आहे. वर्गणी किती घ्यायची, हे प्रत्येक युनियन स्वतःच्या घटनेनुसार ठरवते. वर्गणी दिली की पावती घ्यावी आणि जपून ठेवावी, कारण पुढे सभासदसंख्येवरून वाद झाला की पावत्यांची पुस्तकेच पुरावा म्हणून पाहिली जातात. परिविक्षेच्या (प्रोबेशनच्या) काळात सभासद होण्यात जोखीम आहे का, या प्रश्नाचे उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

३. मी कंपनीचा आहे की ठेकेदाराचा, हेच मला ठाऊक नाही. कसे ओळखायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याला त्याचा संकोच वाटतो, पण संकोचाचे काहीच कारण नाही. एकाच लाइनवर, एकाच रंगाच्या गणवेशात, एकाच सुपरवायझरच्या हाताखाली काम करणारे दहा जण कागदावर पाच वेगवेगळ्या प्रकारचे असू शकतात: कायम, परिविक्षाधीन, मुदतबंद (ठरावीक मुदतीसाठी नेमलेला), ठेकेदाराचा कामगार आणि अप्रेंटिस. ही सरमिसळ आपोआप झालेली नसते. उत्पादन एकत्र व्हावे आणि हक्क मात्र वेगवेगळे राहावेत, अशाच हिशोबाने ती केलेली असते.

ओळखण्यासाठी चार कागद पाहावेत. नियुक्तिपत्रावर कोणाचे नाव आणि शिक्का आहे, हे पहिले. नव्या संहितांनुसार नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे, त्यामुळे ते मागण्यात उद्धटपणा नाही. दुसरा कागद पगारस्लिप. तिसरा पीएफचा: युएएन (पीएफ खात्याचा तुमचा ओळख) क्रमांक टाकून पासबुक उघडले की दरमहा पैसे कोणत्या आस्थापनेकडून जमा होतात, ते दिसते. चौथा म्हणजे ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) नोंद, कारण त्यातही नियोक्त्याचे नाव असते. पगार बँकेत कोणाच्या खात्यातून येतो, तेही पाहून ठेवावे. गेटपासवर कंपनीचे बोधचिन्ह असले, म्हणजे तुम्ही कंपनीचे झालात असे नाही.

पीएफच्या पासबुकात दर सात-आठ महिन्यांनी आस्थापनेचे नाव बदलत असेल, पण तुमचे यंत्र आणि तुमची शिफ्ट तीच असेल, तर त्या पानांच्या प्रती आजच काढून ठेवाव्यात. प्रश्न ४ आणि ५ मध्ये त्यांचा उपयोग आहे.

४. मी ठेकेदाराकडे आहे. कायम कामगारांच्या युनियनमध्ये मला घेतील का? आणि युनियन मला कायम करून देऊ शकेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या युनियनच्या घटनेवर आणि, स्पष्ट लिहायचे तर, तिच्या मनावर अवलंबून आहे. कायदा आड येत नाही. तरीही अनेक कारखान्यांत कायम कामगारांच्या युनियनने कंत्राटी मुलांना बाहेरच ठेवलेले आढळते. करारात मिळणारी रक्कम वाटून घ्यावी लागेल ही भीती त्यामागे असते, आणि ‘आपण कायम आहोत’ हा थोडा तोराही असतो. हे धोरण आखूड नजरेचे आहे. कायम कामगार निवृत्त होत जातात, त्यांच्या जागी कंत्राटी भरती होते, आणि दहा-पंधरा वर्षांत युनियनकडे करार करण्याइतके बळच उरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या महाराष्ट्रातील दोन प्रकरणांत असे ठरवले की, तुम्ही कंपनीचे कामगार आहात हेच कंपनी नाकारत असेल, तर १९७१ च्या कायद्याखालील अनुचित प्रथेची तक्रार थेट चालणार नाही. आधी नियोक्ता-कामगार हे नाते योग्य न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाले पाहिजे. त्याच वर्षीच्या स्टील ऑथॉरिटीच्या निकालाने हेही स्पष्ट केले की, एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली, तरी कामगार आपोआप मूळ कंपनीत कायम होत नाहीत. मात्र ठेका केवळ देखाव्यापुरता असेल, म्हणजे काम वाटून देणे, रजा मंजूर करणे, शिस्तीची कारवाई हे सारे कंपनीच करत असेल, तर न्यायाधिकरण तो ठेका बाजूला सारू शकते. त्यासाठी पुरावा लागतो. शिफ्टचे तक्ते, कंपनीच्या अधिकाऱ्याने दिलेले लेखी आदेश आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे तेथे कामाला येतात.

ठेकेदाराने पगार बुडवला, तर मात्र इतके लांब जावे लागत नाही. अशा वेळी पगार देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि ती रक्कम नंतर कंपनीने ठेकेदाराकडून वसूल करायची असते.

५. २४० दिवस भरले की कायम करावेच लागते ना?

तसे नाही, मात्र हा समज अगदीच निराधारही नाही. औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांचा अर्थ ‘सलग सेवा’ एवढाच होता: इतके दिवस भरलेल्या कामगाराला कामावरून कमी करायचे, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागे. कायम करण्याचा मुद्दा आला तो मुंबई राज्यासाठी केलेल्या आदर्श स्थायी आदेशांतून. त्यांतील कलम ४-सी नुसार, मागील बारा महिन्यांत एकूण २४० दिवस अखंड सेवा झालेल्या बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेल्या) किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करणे आवश्यक ठरते. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची पद्धत याच आकड्याला चुकवण्यासाठी रुजली.

हा ब्रेक कायदा मुकाट्याने मान्य करतो असे नाही. कायमपणाचे फायदे नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे, ही १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील सहाव्या बाबीनुसार अनुचित प्रथा आहे. सरकारी सेवेतील बेकायदा नेमणुका कायम करू नयेत, असे उमादेवी प्रकरणात २००६ मध्ये ठरल्यावर महामंडळांनी त्या निकालाचा आधार घेण्यास सुरुवात केली. पण एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राईब संघटना या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सहाव्या बाबीखाली औद्योगिक न्यायालयाला असलेला अधिकार उमादेवी निकालाने हिरावला जात नाही.

येथे तीन अडचणी लक्षात घ्याव्यात. पहिली, कारखान्यात मान्यताप्राप्त युनियन असेल, तर सहाव्या बाबीची तक्रार एकट्या कामगाराला करता येत नाही, ती त्या युनियनमार्फतच करावी लागते. युनियन तयार नसेल, तर हक्क असूनही दार बंद राहते. दुसरी, नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली आहे. तिसरी, ठेकेदाराच्या कामगाराला आधी प्रश्न ४ मधील अडथळा पार करावा लागतो.

६. मला ११ महिन्यांचे मुदतबंद नियुक्तिपत्र मिळाले आहे. ही ठेकेदारीच नव्हे का?

नाही. मुदतबंद कामगाराची नेमणूक थेट कंपनी करते, आणि तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या कायम कामगाराइतकाच पगार, कामाचे तास आणि भत्ते त्याला देणे बंधनकारक आहे. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट त्याला लागत नाही, एक वर्ष पुरते. तुमचे पत्र ११ महिन्यांचेच का, याचा उलगडा या वाक्यातच झाला असेल. मुदत संपल्यावर नोकरी गेली, तर ती कामगार कपात मानली जात नाही आणि तिची भरपाई मिळत नाही. युनियनचे सभासद होण्यास काहीच आडकाठी नाही.

७. मी अप्रेंटिस आहे, पण काम पूर्ण पाळीचे करतो. युनियन माझ्यासाठी काही करू शकते का?

फार थोडे. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ च्या कलम १८ नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत ‘अप्रेंटिससह’ असे शब्द होते. नव्या संहितेच्या व्याख्येत अप्रेंटिसला स्पष्टपणे वगळले आहे. विद्यावेतन, प्रशिक्षणाचे तास किंवा प्रमाणपत्र यांविषयीची तक्रार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे करावी लागते.

मात्र ज्याला कंपनी ‘ट्रेनी’ म्हणते, तो प्रत्येक जण कायद्याने अप्रेंटिस नसतो. तुमचा नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारी करारच झालेला नसेल, आणि शिकवण्याच्या नावाखाली पहिल्या आठवड्यापासून उत्पादनाचे लक्ष्य दिले जात असेल, तर तुम्ही प्रत्यक्षात कामगार आहात असा दावा करता येतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील उमेदवारही याच कोंडीत आहेत. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन मिळते. पण योजनेत नोकरीची हमी नाही, आणि कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलने झाली तरी प्रशिक्षणार्थी हा दर्जा आडवा येतो.

८. युनियन नाही. पगार कमी मिळतो, ओव्हरटाइमचे पैसे मिळत नाहीत. एकटा काय करू?

पगाराच्या तक्रारीला युनियन लागत नाही. आपल्या उद्योगाचा आणि परिमंडळाचा (झोनचा) किमान वेतन दर, तसेच आपण कुशल, अर्धकुशल की अकुशल वर्गात मोडतो, हे आधी पाहावे. महाराष्ट्रात महागाईशी जोडलेला विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, त्यामुळे जुन्या तक्त्यावर विसंबू नये. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या वेतनाच्या दुप्पट असतो. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे, आणि नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर उरलेले वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत देणे बंधनकारक आहे. वर्षात तीस दिवस काम केलेला पात्र कामगार किमान ८.३३ टक्के बोनसचा हक्कदार असतो.

बुडालेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तो स्वतः करता येतो, किंवा तुम्ही ज्या नोंदणीकृत युनियनचे सभासद आहात तिच्यामार्फतही करता येतो. वेतन दिले होते, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. तरीही आपल्या शिफ्टच्या वेळा रोज वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवाव्यात, कारण ओव्हरटाइमच्या वादात कंपनीची नोंदवही बहुधा फारच स्वच्छ निघते.

९. युनियन काढायला किती जण लागतात? आणि नोंदणी म्हणजेच मान्यता का?

नोंदणीच्या अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात. त्याखेरीज त्या आस्थापनेतील किंवा उद्योगातील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद असले पाहिजेत. नियम साधा दिसतो, पण व्यवहारात वेळ जातो. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यात कामगारांनी सप्टेंबर २०२४ मध्ये संप पुकारला आणि तो ३७ दिवस चालला. नव्या युनियनची नोंदणी हा त्यातला कळीचा मुद्दा होता, आणि ती जानेवारी २०२५ मध्ये मिळाली.

नोंदणी आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीमुळे युनियनला कायदेशीर अस्तित्व मिळते. कंपनीने तिच्याशीच बोलणी करावीत, हा अधिकार मान्यतेमुळे मिळतो. १९७१ च्या कायद्यात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या उपक्रमात सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालय मान्यता देते. संहितेची चौकट निराळी आहे: एकाहून अधिक युनियन असतील, तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार जिच्याकडे आहेत ती एकमेव वाटाघाटी करणारी युनियन ठरते, आणि तेवढे बळ कोणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची परिषद होते.

मान्यता कागदावर एकीकडे आणि कामगार दुसरीकडे असले की काय होते, याचे उदाहरण मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रतिनिधित्वाचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनकडेच होता, आणि संपकऱ्यांच्या नेत्यांशी बोलणी करण्याचे मालकांवर बंधन नव्हते. संप फसण्याची इतरही कारणे होती, पण हे कारण दुय्यम नव्हते.

१०. युनियनमध्ये गेलो म्हणून काढले, तर?

युनियनचा सभासद झाल्याबद्दल काढणे, धमकावणे, लांबच्या शाखेत बदली करणे किंवा पगारवाढ रोखणे ही अनुचित प्रथा आहे. १९७१ च्या कायद्याखाली घटनेपासून ९० दिवसांच्या आत तक्रार करावी. सबळ कारण असेल तर न्यायालय उशीर माफ करू शकते. निकालापर्यंत अंतरिम आदेश देण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे, आणि हीच या कायद्याची सर्वांत उपयोगी बाजू आहे. परिविक्षाधीन कामगाराचे स्थान मात्र कच्चे असते. ‘काम समाधानकारक नाही’ एवढे एक वाक्य लिहून त्याला सोडता येते, आणि खरे कारण युनियन होते, हे त्याला सिद्ध करावे लागते. म्हणूनच जाणते कार्यकर्ते नोंदणीचा अर्ज पडेपर्यंत परिविक्षेतील मुलांना पुढे करत नाहीत.

११. संप करता येतो का? संपाच्या काळातला पगार मिळतो का?

संहितेनुसार आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. समेटाची कार्यवाही (कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढील तडजोडीची बोलणी) चालू असताना आणि ती संपल्यानंतर सात दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच मानला जातो. व्हॉट्सॲपवर ठरवून रजा टाकणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते.

संपकाळातील पगाराचा सर्वसाधारण नियम ‘काम नाही तर दाम नाही’ असा आहे. संप कायदेशीर आणि समर्थनीय, दोन्ही ठरला तरच पगाराचा प्रश्न उभा राहतो. दहा किंवा अधिक कामगार नोटीस न देता संगनमताने गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतच्या वेतनाची जादा कपातही होऊ शकते. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील २०१३ चा संप सुमारे ५० दिवस चालला होता. खोलीचे भाडे, मोटारसायकलचा हप्ता आणि गावाकडे पाठवायचे पैसे यांवर ज्याचा महिना उभा आहे, त्याने मत देण्यापूर्वी युनियनकडे संपनिधी किती आहे, हे विचारलेच पाहिजे.

१२. नेता बाहेरचा आणि पक्षाचा आहे. मला पक्षाशी देणेघेणे नाही.

संघटित उद्योगात बाहेरच्या पदाधिकाऱ्यांची संख्या एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी कमी असेल तिच्यापेक्षा जास्त असू शकत नाही. असंघटित क्षेत्रात ती निम्म्यापर्यंत असू शकते. राजकीय निधी वेगळा ठेवावा लागतो आणि त्यात पैसे देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. बाहेरचा नेता नोकरीच्या भीतीतून मुक्त असतो, हा त्याचा मोठा गुण आहे. करार कोणत्या अटींवर झाला हे सभासदांना न सांगता सही करणारा नेता मात्र आतला असो वा बाहेरचा, सारखाच घातक असतो. हिशेब आणि कराराची प्रत मागण्याचा संकोच करू नये.

१३. मी हिंजवडीत आयटीत आहे, पदनाम ‘असोसिएट मॅनेजर’. मी कामगार आहे का?

पदनामावरून ते ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते. तांत्रिक काम करणारा व्याख्येत येतो. प्रामुख्याने व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा येत नाही. पर्यवेक्षकाचे वेतन दरमहा १८,००० रुपयांहून जास्त असेल, तर तोही वगळला जातो. हाताखाली कोणी नसलेल्या आणि दिवसभर कोड लिहिणाऱ्या ‘मॅनेजर’ला आपण कामगार असल्याचा दावा करता येतो. पुण्यात नाइट्ससारख्या संघटना आयटी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी घेऊन कामगार आयुक्तांकडे जातात.

१४. मी डिलिव्हरीचे काम करतो. ॲपने आयडी बंद केला. दाद कोणाकडे मागू?

येथे कायदा सर्वांत तोकडा आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या केली, आणि ॲग्रिगेटर (ॲप चालवणाऱ्या) कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी असे ठरवले. पण आयडी बंद करणे म्हणजे नोकरीवरून काढणे, असे ती मानत नाही. राजस्थान (२०२३) आणि कर्नाटक (२०२५) यांनी स्वतंत्र कायदे केले आहेत. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवावी, आणि आयडी बंद झाल्याचा संदेश, रेटिंग व कमाईचा तपशील यांचे स्क्रीनशॉट लगेच काढावेत, कारण नंतर ॲपच उघडत नाही.

मालक निश्चित नसलेल्या कामगारांना संरक्षण देता येत नाही, हा युक्तिवाद महाराष्ट्रात तरी टिकू नये. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्यात कामगार आणि मालक दोघांचीही मंडळाकडे नोंदणी होते, मालक मजुरीसोबत लेव्ही (लाभांसाठीची जादा रक्कम) भरतो, आणि भविष्यनिधीसारखे लाभ मंडळ देते. १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही असाच कायदा झाला. ॲपवर तर प्रत्येक फेरीची आणि प्रत्येक रुपयाची नोंद आधीच असते.

१५. मी गोव्यात, वेर्णा येथे काम करतो. यातले काय लागू होते?

केंद्राच्या संहितांविषयी जे लिहिले आहे, ते लागू होते. १९७१ चा कायदा महाराष्ट्रापुरता असल्यामुळे त्यातील ३० टक्क्यांची मान्यता, सहावी बाब आणि ९० दिवसांची तक्रार गोव्यात चालत नाही. किमान वेतनाचे दरही गोवा सरकारचे लागू होतात. कंपनीचे मुख्यालय पुण्यात किंवा मुंबईत असले, तरी सामान्यतः काम जेथे होते तेथील कामगार आयुक्तांकडेच जावे लागते.